पाणी लागलं का?

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास श्रीनिधी दुसऱ्या चहासाठी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तेव्हा धुरपताबाई एक वाक्य बोलल्या आणि त्याच्या हातातला कप आपोआप ओट्यावर टेकला. वाक्यात तसं काही विशेष नव्हतं. धुरपताबाई गेली सहा वर्षं त्यांच्याकडे भांडी घासायला येत होत्या, घासता घासता बोलत होत्या, आणि त्यांचं बोलणं श्रीनिधीच्या कानावर सिंकमधल्या नळाइतकंच पडायचं. चालू असलं तर कळायचं नाही, थांबलं की कळायचं. काल का आला नाहीत, एवढंच अर्पितानं, त्याच्या बायकोनं, त्यांना विचारलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, “कशाची येतेय ताई. लेक आलीय पुन्याहून. पाणी लागलं तिला.”

“पाणी लागलं?” हे अर्पितानं विचारलं नाही, श्रीनिधीनं विचारलं.

“लागलं की सर. तिथलं पाणी लय लागलं बगा तिला. सहा म्हैने झाले, केस चाललेत मुठीमुठीनं, खाल्लेलं अंगी लागंना, पोटऱ्या भरून यायल्यात. डॉक्टर म्हनला, काय न्हाई. काय न्हाई कसं? एकेका मानसाला एकेका गावचं पाणी लागतंय. आता चार म्हैने हितं ठिवून घेते, आपलं पाणी पोटात गेलं की सुधरंल.” असं म्हणून त्यांनी कढई उपडी घातली आणि तवा घेतला. अर्पिता म्हणाली, रक्त तपासून घ्या एकदा. धुरपताबाई म्हणाल्या, बघू. जगात काही झालं नव्हतं. श्रीनिधी मात्र चहा तिथंच टाकून आतल्या खोलीत गेला.

आतल्या खोलीत, टेबलाच्या उजव्या खणात, एकेचाळीस फॉर्मांचा गठ्ठा होता. गठ्ठ्याचं काम शुक्रवारीच संपलं होतं. श्रीनिधी परभणीतल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात बन्सीधर नावाच्या गृहस्थांच्या कार्यालयासाठी अहवालातलं भूजलाचं प्रकरण लिहून द्यायचा. यंदाचा अहवाल चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीचा होता. खाण आणखी खोल जाणार होती, आणि ती खोल गेली तर भोवतालच्या अकरा गावांच्या पाण्याचं काय होईल, हे त्यानं सांगायचं होतं. त्यानं सांगितलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी प्रकरणाखाली सही करून पाठवूनही दिलं होतं. सोमवारी अकरा वाजता अहवाल दाखल व्हायचा होता. ज्या गावांत पाण्याची तक्रार निघाली, त्या गावांना खाणीनं आधी पाइपलाइन टाकून द्यायची आणि मगच पुढं खणायचं, अशी अट होती. तशी चार गावं त्याच्या यादीत होती. सातव्या क्रमांकाचं गाव यादीत नव्हतं. सातव्या गावात तो स्वतः गेला होता.

फॉर्म त्यानंच तयार केले होते. आधीच्या छापील नमुन्यात प्रश्न होता, ‘जलधारक स्तर आढळला काय?’ तो वाचून श्रीनिधीला हसू आलं होतं. खेड्यातल्या माणसाला असं विचारल्यावर तो बिचारा टोपी काढून डोकं खाजवील, दुसरं काय करील? सर्वेक्षणाला जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना समोर बसवून त्यानं चांगलं अर्धा तास भाषण ठोकलं होतं की बाबांनो, लोकांना लोकांच्या भाषेत विचारा. आणि तो प्रश्न खोडून त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: पाणी लागलं का? होय किंवा नाही. खाली एक रकाना: पाण्याबाबत तक्रार. तीन शब्दांचा तो प्रश्न त्याला इतका आवडला होता की घरी येऊन अर्पितालाही वाचून दाखवला होता. अर्पिता म्हणाली होती, छान आहे, सोपा आहे. आता तो गठ्ठा पुढ्यात घेऊन बसला आणि एकेक कागद उलटू लागला. लागलं. होय. लागलं. होय. एकेचाळीसपैकी अडतीस जण ‘होय’ म्हणाले होते. हे ‘होय’ त्यानं अहवालात मोठ्या समाधानानं मांडलं होतं, की परिसरात भूजलाची उपलब्धता समाधानकारक आहे. आता त्याच्या लक्षात आलं की या अडतीस जणांना नेमकं काय लागलं होतं, हे त्याला माहीत नाही, आणि कागद ते सांगू शकत नाही. उन्हाळ्याच्या त्या सकाळी पंख्याखाली बसून त्याला थंडी वाजू लागली.

असं नव्हे की तो अर्थ त्याला ठाऊक नव्हता. परभणीत जन्मलेल्या कोणत्या माणसाला तो ठाऊक नसतो? शिक्षणासाठी तो नागपूरला निघाला तेव्हा त्याच्या आईनं, लीलाबाईंनी, स्टेशनावर त्याच्या पिशवीत डब्यावर डबे कोंबत बजावलं होतं, “परमुलखाचं पाणी लागू देऊ नकोस, उकळून पी.” त्यानं हो हो म्हणत खिडकी धरली होती. तो अर्थ त्याच्या डोक्यात कुठंतरी मागच्या खोलीत पडून होता. पुढच्या खोलीत दुसराच अर्थ बसला होता, आणि तो बसवणारी गोष्ट फार जुनी होती. त्याचे वडील विष्णुपंत सेलूला शाळेत मास्तर. पण पिंगळीला त्यांच्या वाटणीचा चार एकराचा तुकडा होता आणि त्यात विहीर पाडायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. श्रीनिधी तेव्हा नऊ वर्षांचा. काळी माती संपली, मुरूम संपला, पाषाण लागला, सुरुंग झाले, दोन उन्हाळे गेले. लोक म्हणायला लागले की मास्तरांनी पुस्तकं वाचावीत, विहिरीचा नाद सोडावा. आणि एका सकाळी बेचाळीस फुटांखालून कोणीतरी ओरडलं, “लागलं.” एवढंच. ज्यांचा आवाज वर्गातही कधी चढत नसे ते विष्णुपंत काठावर मटकन खाली बसले, धोतराचा सोगा डोळ्यांना लावला आणि श्रीनिधीला म्हणाले, “बाळ, पाणी लागलं. जा, गूळ घेऊन ये.” तो गूळ त्यानं स्वतः वाटला होता. त्या एका शब्दापायी त्यानं पुढं दगडांचा अभ्यास केला, नोकरी धरली, आणि आजवर तो शब्द कुठंही कानावर पडला की त्याच्या तोंडून आपोआप एकच उत्तर निघायचं. चांगलं झालं.

सातव्या गावातही तेच उत्तर निघालं होतं. ते आठवलं आणि तो खुर्चीतून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. नोव्हेंबर महिना होता. खाणीच्या काठापासून गाव दीड कोसावर. झाडांच्या पानांवर काळी धूळ, आणि दुपारी स्फोट झाला की घरांच्या पत्र्यांना हलकी थरथर. गावातल्या विहिरी त्यानं वाकून पाहिल्या होत्या. तळाला कचरा आणि कबुतरं. त्याचं त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं. खाण खोल जाते तसं तिच्या खड्ड्यात चहूकडून पाणी झिरपतं, ते रात्रंदिवस पंपानं उपसून ओढ्यात सोडावं लागतं, आणि मग आजूबाजूच्या विहिरी हळूहळू सुकतात; हे तो दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. सुकल्या की लोक बोर घेतात. शंभर फूट, दोनशे फूट, मिळेल तिथवर. शेवटच्या घरी एक साठीची बाई अंगणात हातपंप मारत होती. त्यानं नाव विचारलं. तानुबाई. तिनं गाव विचारलं. परभणी म्हटल्याबरोबर तिच्या हातातला दांडा तसाच राहिला. “अगं बाई, आमी बी तिकडचेच की,” ती म्हणाली. “राणीसावरगाव माहेर माजं. गंगाखेडापसून पुढं. चाळीस वरसं झाली हिकडं पडून. माहेरचा मानूस आला म्हना की दारात.” तिनं त्याला खाटेवर बसवलं, चहा टाकला, राणीसावरगावच्या कोणाकोणाची चौकशी केली, त्यांतला एकही माणूस त्याला माहीत नव्हता, तरी तो मान हलवत राहिला. मग त्यानं फॉर्म काढला आणि लोकांच्या भाषेत विचारलं, “तानुबाई, पाणी लागलं का?”

ती क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली होती. ते बघणं त्याला आता आठवलं. तेव्हा त्याकडं त्याचं लक्ष नव्हतं, तो पेनाचं टोपण शोधत होता. मग ती म्हणाली होती, “लागलं की दादा. आमाला बी लागलं. लय लागलं.” आणि त्यानं ‘होय’वर बरोबरची खूण करून, खालच्या ‘पाण्याबाबत तक्रार’ या रकान्यात ‘नाही’ लिहून, माहेरच्या माणसाला शोभेल असं तोंड भरून हसत तिला म्हटलं होतं, “वा, चांगलं झालं.”

चांगलं झालं. श्रीनिधीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माणूस किती निर्लज्जपणे चांगला असू शकतो, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी त्याला उंबऱ्यावर बसलेली मुलगी दिसली. ती सबंध वेळ तिथंच होती. बारा-तेरा वर्षांची, तानुबाईची नात, पाय पसरून भिंतीला टेकलेली. आजी पंप मारतेय, चहा टाकतेय, आणि ही ढिम्म. निघताना त्यानं तिला चिडवलं होतं, “काय गं, आजीला राबवतेस आणि स्वतः महाराणीसारखी बसतेस? ऊठ की.” मुलगी हसली होती. हसताना तिचे दात दिसले होते. पिवळसर, त्यांवर आडवे तपकिरी पट्टे. श्रीनिधीच्या मनात आलं होतं की एवढ्या लहान पोरीला मिश्री लावायची सवय. बस. याहून जास्त काही आलं नव्हतं. तो भूशास्त्राचा प्राध्यापक होता. खोल खडकातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की आधी दातांवर पट्टे येतात, मग सांधे धरतात, मग हाडं वाकतात, हे दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला तो दरसाल पडद्यावर फोटो दाखवून सांगायचा; अगदी असे दात, अगदी असे पसरलेले पाय. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असायचा. फोटो ओळखणाऱ्याला तो पैकीच्या पैकी गुण द्यायचा. आणि फोटोच उंबऱ्यावर बसून त्याच्याकडं बघून हसला, तेव्हा त्यानं त्याला ऊठ म्हणून सांगितलं. शब्दाची चूक एक वेळ शब्दावर ढकलता येते. ही कोणावर ढकलणार? अर्पिता दारात येऊन म्हणाली, “चहा तसाच राहिला तुझा. बरं वाटत नाहीये का?” तो म्हणाला, “नाही, काही नाही,” आणि लगेच त्याला वाटलं की आपण आयुष्यभर सगळ्या रकान्यांत हेच लिहीत आलो.

त्यानं बन्सीधरांना फोन लावला. बन्सीधर रविवारी सकाळी फोन घेत नाहीत, पण घेतला. श्रीनिधीनं जमेल तसं सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते हास्यास्पद वाटू लागलं. मोलकरीण एक वाक्य बोलली म्हणून खाणीचा अहवाल थांबवायचा. बन्सीधर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “सर, तुमी एवढे शिकलेले, आन शब्दाला धरून बसायलात? त्या गावच्या पाण्याची बाटली तपासायला भरली होती का?”

“नाही. अकरापैकी चारच गावांच्या भरल्या. सातवं त्यात नव्हतं.”

“मग झालं तर. बाटली न्हाई, तक्रार न्हाई. तुमाला वाटायलंय, एवढंच. वाटण्यावर अहवाल परत काढता येत नसतो.” जरा थांबून ते नेहमीच्या सौजन्यानं म्हणाले, “जबरदस्ती न्हाई. सही तुमची हाय, काढून घ्यायची तर उद्या अकराच्या आत सांगा. पण आधी त्या बाईला तरी विचारा. उगं आपल्याच मनानं पाण्यात काठी मारू नका.”

बन्सीधरांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्याचं त्याला क्षणभर फार बरं वाटलं. कदाचित तिला दुसरंच म्हणायचं असेल. कदाचित बोरलाच लागलं असेल, भरपूर लागलं असेल, पोरगी खरंच आळशी असेल आणि मिश्री लावत असेल. त्या कदाचितला धरून त्यानं तानुबाईचा फॉर्म काढला. वरच्या कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात मोबाईल नंबर होता. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजल्यावर तिकडून आवाज आला, “कोन?”

“तानुबाई, मी परभणीहून बोलतोय. नोव्हेंबरात विहिरी लिहायला आलो होतो बघा.”

“दादा,” ती म्हणाली. “सांगायला कशाला पायजे? तिकडचं बोलनं कानावर आलं की कळतंय की. बरे हाव न्हवं?”

तो बरा होता. तिनं पाऊसपाण्याचं विचारलं, त्यानं सांगितलं. मग त्यानं श्वास घेतला आणि विचारलं, “तुम्ही त्या दिवशी म्हणालात की आम्हालाही पाणी लागलं. म्हणजे बोरला लागलं, असं ना?”

“बोरला तर लागलंच. दोनशे ऐंशी फुटांवर लागलं. आन ते पिऊन आमाला लागलं.” ती अगदी सरळ आवाजात सांगत होती. “माजे हातगुडघे धरलेत, पन माजं काय, म्हातारीचं. सृष्टीला लय लागलं. गुडघे बाहीर फाकलेत दोन वरसांत. खाली बसली की काखेत हात घालून उठवावं लागतंय. शाळा सुटली. तुमी पाह्यली न्हवती व्हय? तितंच तर बसली हुती, उंबऱ्यावर.”

“पाहिली होती,” तो म्हणाला.

“तेच म्हनलं. तुमी तिला ऊठ म्हनलात न्हवं, ती दिवसभर हसायलती. म्हनली, आजे, त्या मामाला वाटलं मला उठता येतंय.” तानुबाईही थोडी हसली. श्रीनिधीनं फोन कानापासून दूर धरला आणि पुन्हा जवळ घेतला. ती बोलतच होती. “आन तुमी चांगलं झालं म्हनलात. मला लय बरं वाटलं बगा. म्या म्हनलं, लिवून झालं आता, चांगलंच झालं. मागनं गावातले लोक अर्ज घेऊन आले, पाइपासाटी सह्या द्या म्हनून. म्या म्हनलं, कशाला? माज्या माहेरचा मानूस समदं लिवून घेऊन गेलाय. एकाच गोष्टीचं दोनदा लिवलं की सायेब लोक चिडतेत. समद्यास्नी पटलं. मग ऱ्हायला अर्ज. कवा यायलाय पाइप?”

अर्ज गेला असता तर यादीत गाव आलं असतं, एवढं सोपं होतं ते. आपल्या एका हसण्यानं सबंध गावाचा अर्ज थांबला, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. “तानुबाई,” तो म्हणाला, “मी चुकीचं लिहिलं. मला कळलं नाही. मला वाटलं, बोरला पाणी लागलं. मी लिहिलं की पाणी आहे आणि तक्रार नाही. पाइपच्या यादीत तुमचं गाव नाही.”

तिकडून लांबून ट्रक गेल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी भांडं ठेवल्याचा. ती चिडेल, शिव्या देईल, फोन ठेवेल, असं त्याला वाटलं, नव्हे, तिनं तसं करावं असं मनापासून वाटलं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला होता. दारात कोणी ऐकेल म्हणून बायका बोलतात तसा.

“हे गावात कुनाजवळ बोलू नका, दादा. म्या बी न्हाई बोलायची.”

“का?”

“माहेरचं नाव हाय त्यात. चाळीस वरसं झाली, माहेराची एक गोष्ट सासरी वंगाळ निघू दिली न्हाई म्या. भाऊ रिकाम्या हातानं आला तर माज्या पेटीतलं लुगडं काढून त्यानंच आनलं म्हनून दाखिवलंय. आता काय सांगू, माज्या माहेरच्या मानसानं आसं लिवलं म्हनून? ऱ्हाऊ द्या. येनार हाय पाइप म्हनायचं. चालतंय तवर चालतंय.”

“तसं करू नका,” तो म्हणाला. “सांगा सगळ्यांना. आजच सांगा. माझं नाव घेऊन सांगा. ते पाणी सृष्टीला देऊ नका, अजून हाडं पक्की झाली नाहीत तिची, ती वाढायची आहे. देऊच नका.”

“मग कोनतं देऊ?”

या प्रश्नाला त्याच्याजवळ रकाना नव्हता. सुकलेल्या विहिरी त्यानं स्वतः मोजल्या होत्या. ओढ्यात खाणीचं उपसलेलं पाणी होतं. तिला त्याची दया आली असावी, कारण तीच समजावणीच्या सुरात म्हणाली, “तुमी जिवाला लावून घेऊ नका. मानूस चुकतंय. पन सांगायचंच आसंल तर ते माज्या तोंडानं व्हायचं न्हाई. तुमी येऊन सांगा.”

“येतो,” तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण बोललो. “आधी सही काढून घेतो. आत्ता, हा फोन ठेवला की. आणि उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. बाटल्या घेऊन येतो, पाणी भरून नेतो, गावाला बसवून सांगतो की चूक माझी आहे. अर्ज तिथंच लिहू.”

“खरंच यायलाव?” तिचा आवाज पुन्हा चढला, पहिल्यासारखा झाला, दारात माणूस उभाच आहे असा. आतल्या कोणाला तरी तिनं सांगितलं, तो मामा यायलाय गं. मग त्याला म्हणाली, “या या. पन जेवून जायचं हां, वरनभाकर करते, नुसत्या चहावर सुटका न्हाई या टायमाला. आन एक करा दादा, ध्यान ठिवून. येताना तुमचं प्यायचं पाणी तेवढं घरनं घेऊन या. आमचं लागंल तुमाला.”